सामायिक रिमोट सर्व्हरवर आपले सॉफ्टवेअर चालेल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या कार्यालयात सर्व्हर आधीपासून आहे. मग हा रिमोट सर्व्हर वेगळा कसा?

कार्यालयातील नेहमीचा सर्व्हर बहुधा डेटा सांभाळण्यापुरता असतो. सॉफ्टवेअर प्रत्येकाच्या संगणकावर चालते आणि फाइली तेवढ्या सर्व्हरवरून उघडल्या जातात. सामायिक रिमोट सर्व्हरवर सॉफ्टवेअर, डेटा आणि प्रत्येक कर्मचाऱ्याचा डेस्कटॉप हे सगळे एकाच यंत्रावर चालते. टेबलावरच्या संगणकाकडे केवळ पडद्यावरचे चित्र येते आणि त्याच्याकडून कळफलक व माउसच्या हालचाली परत जातात. मायक्रोसॉफ्टने ही सोय १९९८ साली विंडोज एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीतून दिली. विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून तिचे नाव रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस असे झाले. बोलण्यात मात्र ‘टर्मिनल सर्व्हर’ हेच नाव टिकून आहे, त्यामुळे सॉफ्टवेअर कंपनीच्या मदत केंद्राला विचारताना दोन्ही नावे घ्यावीत. एका नावाला ‘माहीत नाही’ म्हणणारा माणूस दुसऱ्या नावाला लगेच उत्तर देतो, असा आमचा अनुभव आहे.

आम्ही सर्व्हरवर सॉफ्टवेअर टाकले, उघडून पाहिले, एक बिलही काढले. म्हणजे ते चालते असेच ना?

नाही. एका माणसाने, तेही ॲडमिनिस्ट्रेटरच्या लॉगिनने, उघडून पाहणे ही चाचणीच नव्हे. छोट्या व्यवसायांसाठी लिहिलेली बरीचशी सॉफ्टवेअरे मुळात ‘एक संगणक, एक माणूस’ हे गृहीत धरून तयार झालेली असतात. तात्पुरती फाइल कुठे ठेवायची, सेटिंग कुठे लिहायची, कोणता पोर्ट (सॉफ्टवेअरांनी आपसांत बोलण्यासाठीचा क्रमांकाचा दरवाजा) वापरायचा, हे ठरवताना संपूर्ण यंत्र आपल्याच मालकीचे आहे असे ते सॉफ्टवेअर समजते. रिमोट सर्व्हरवर त्याच वेळी, त्याच यंत्रावर, तेच सॉफ्टवेअर दहा जण चालवत असतात, आणि गोंधळ नेमका तिथून सुरू होतो.

एक प्रसंग सांगतो. सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळद व्यापाऱ्याच्या पेढीचे सॉफ्टवेअर आम्ही सर्व्हरवर नेले. दोन दिवस सगळे सुरळीत होते. तिसऱ्या दिवशी सौद्यानंतरच्या गर्दीत दोन कारकुनांनी एकाच क्षणी पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा मालाचा हिशेब) छापायला दिली आणि एका शेतकऱ्याच्या नावाखाली दुसऱ्याची पोती व दुसऱ्याचा भाव छापून आला. ते सॉफ्टवेअर छापण्यापूर्वी मजकूर सी ड्राइव्हवरच्या एका ठरलेल्या नावाच्या फाइलीत लिहीत असे आणि मग ती फाइल प्रिंटरकडे पाठवीत असे. एकाची फाइल लिहून होते न होते तोच दुसऱ्याने तिच्यावर आपला मजकूर लिहिला होता. चूक हमालाच्या लक्षात आली म्हणून बरे. कारण पडद्यावर कोणताही दोष दिसत नव्हता आणि खातेवहीतली नोंदही अचूक होती.

मग चाचणी कशी करावी?

सर्वांत आधी क्रम. सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉप सेशन होस्ट हा रोल (अनेकांना एकाच वेळी आत घेणारा विंडोज सर्व्हरचा भाग) प्रथम बसवावा आणि सॉफ्टवेअर त्यानंतर. उलट क्रमाने केले असल्यास सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकावे लागते. सॉफ्टवेअर टाकण्यापूर्वी कमांड प्रॉम्प्टवर ‘चेंज युजर /इन्स्टॉल’ ही आज्ञा द्यावी आणि काम संपल्यावर ‘चेंज युजर /एक्झिक्यूट’ देऊन सर्व्हर पूर्वस्थितीत आणावा. इन्स्टॉल अवस्थेत असताना सॉफ्टवेअर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत, वापरकर्त्यासाठी ज्या नोंदी करते त्यांची एक प्रत विंडोज बाजूला ठेवते आणि पुढे प्रत्येक नव्या वापरकर्त्याला ती पुरवते. ही पायरी चुकली की ज्याने सॉफ्टवेअर टाकले त्याच्याच लॉगिनमध्ये ते नीट चालते आणि बाकीच्यांना ‘कॉन्फिगरेशन सापडत नाही’ अशा स्वरूपाचा संदेश दिसतो. एमएसआय प्रकारच्या नव्या पॅकेजांना विंडोज स्वतःहून सांभाळून घेते, पण जुन्या सेटअपला ही आज्ञा लागतेच. आम्ही ती सरसकट देतो, कारण दिल्याने काही बिघडत नाही.

त्यानंतर निदान तीन साधी लॉगिने तयार करावीत, ज्यांना ॲडमिनिस्ट्रेटरचे कोणतेही अधिकार नाहीत. तीन वेगवेगळ्या संगणकांवरून तिघांनी एकाच वेळी आत यावे आणि रोजचे खरे काम करावे: एकाने खरेदी, दुसऱ्याने विक्री, तिसऱ्याने महिन्याचा अहवाल. मग मुद्दाम टक्कर घडवून आणावी. तिघांनी ‘एक, दोन, तीन’ म्हणून एकदमच छपाई द्यावी, एकाच ग्राहकाचे खाते एकदम उघडावे, एकदम एक्सेलमध्ये निर्यात करावी. वर सांगितलेल्या पेढीत हे दहा मिनिटे केले असते, तर ती पट्टी चुकलीच नसती.

साध्या लॉगिनने सॉफ्टवेअर उघडत नाही, पण ॲडमिनिस्ट्रेटर केल्यावर उघडते. सगळ्यांनाच ॲडमिनिस्ट्रेटर करून टाकले तर?

दुर्दैवाने पुष्कळ ठिकाणी हेच केलेले आढळते, आणि विक्रेत्याचा माणूसही फोनवर हाच सल्ला देतो. सामायिक सर्व्हरवर त्याचा अर्थ असा की, कोणताही कर्मचारी दुसऱ्याची फाइल पुसू शकतो, दुसऱ्याचे सेशन (सर्व्हरवर चालू असलेला त्याचा डेस्कटॉप) बंद करू शकतो, आणि एकाने चुकून उघडलेली खंडणीखोर व्हायरसची फाइल संपूर्ण कार्यालयाचा डेटा कुलूपबंद करू शकते.

योग्य मार्ग थोडा अधिक वेळ घेणारा आहे, पण एकदाच करावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचात प्रोसेस मॉनिटर नावाचे मोफत साधन आहे. ते ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू करावे, गाळणीत आपल्या सॉफ्टवेअरच्या प्रोग्रॅमचे नाव घालावे आणि निकालाच्या रकान्यात ‘ॲक्सेस डिनाइड’ ही अट लावावी. मग साध्या लॉगिनने सॉफ्टवेअर उघडावे. दोन-चार ओळी दिसतील आणि बहुतेकदा त्यांत प्रोग्रॅम फाइल्समधल्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्याच फोल्डरचे, विंडोज फोल्डरमधल्या एखाद्या आयएनआय फाइलीचे किंवा रजिस्ट्रीतील लोकल मशीन विभागातील एखाद्या नोंदीचे नाव असेल. वापरकर्त्यांच्या गटाला त्या एवढ्याच फोल्डरवर किंवा नोंदीवर लिहिण्याचा अधिकार द्यावा. बाकी सर्व्हर आहे तसाच बंद राहू द्यावा.

एक सावधगिरी मात्र हवी. लिहिण्याचा अधिकार दिल्याने ‘उघडत नाही’ ही तक्रार मिटते. त्या फाइलीत प्रत्येकाची वैयक्तिक सेटिंगे साठत असतील, तर ती एकमेकांवर लिहिली जाणारच. शेवटी कोणता प्रिंटर निवडला हे लक्षात ठेवणारी आयएनआय फाइल सामायिक असली, की नाशिकच्या शाखेचे चलन पुण्याच्या प्रिंटरवर निघते.

दुसऱ्या माणसाने उघडताच ‘सॉफ्टवेअर आधीच चालू आहे’ असा संदेश येतो. असे का?

एकाच संगणकावर चुकून दोनदा उघडले जाऊ नये म्हणून सॉफ्टवेअर एक खूण ठेवते. ती खूण फक्त आपल्या सेशनपुरती ठेवायची की संपूर्ण यंत्रासाठी, हे ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या हाती असते. यंत्रासाठी ठेवली असेल, किंवा चालू प्रोग्रॅमांच्या यादीत आपले नाव शोधण्याचा ढोबळ मार्ग वापरला असेल, तर पहिला माणूस आत असेपर्यंत दुसऱ्याला दार बंद. सगळ्यांनी एकच यंत्र वापरायचे असेल तर यावर बाहेरून उपाय नाही. विक्रेत्याने बदल करून दिला तरच हे सुटते.

पोर्टचा प्रश्न नेमका काय असतो?

दुसऱ्या सॉफ्टवेअरशी देवाणघेवाण करण्यासाठी काही सॉफ्टवेअरे यंत्रावरचा एक ठराविक पोर्ट उघडून बसतात. प्रत्येकाचा संगणक वेगळा असताना याचा त्रास नसतो, पण सामायिक सर्व्हरवर यंत्र एकच असल्याने पोर्टही एकच. आपल्याकडचे सर्वांच्या ओळखीचे उदाहरण टॅलीचे आहे. देवाणघेवाणीसाठी टॅली सामान्यतः ९००० हा पोर्ट वापरते. चार जणांनी चार सेशनांत टॅली उघडली, तर तो पोर्ट पहिल्याला मिळतो. तुमचे बिलिंगचे सॉफ्टवेअर व्हाउचरे त्या पोर्टवर पाठवत असेल आणि कोणत्या कंपनीत नोंद करायची हे स्पष्ट सांगत नसेल, तर ज्याने पोर्ट धरला आहे त्याच्या पडद्यावर उघडलेल्या कंपनीत नोंदी जाण्याचा धोका असतो. प्रत्येकाला वेगळा पोर्ट नेमून देणे, किंवा देवाणघेवाणीचे काम एकाच ठरलेल्या लॉगिनवर ठेवणे, हे दोन्ही उपाय चालतात. आम्ही दुसरा पसंत करतो, कारण वेगळे पोर्ट कोणाला कोणते दिले हे सहा महिन्यांनी कोणाच्याच लक्षात राहत नाही.

जीएसटी आणि कंपनी खात्याच्या कामासाठी लागणारी डिजिटल सहीची यूएसबी की सर्व्हरवर चालेल का?

इथे बहुतेकांची समजूत उलटी असते. रिमोट सेशनमध्ये सहीची की सर्व्हरला लावलेली चालत नाही. ती तुमच्या समोरच्या संगणकाला लावावी लागते. विंडोजच्या दृष्टीने ही की म्हणजे स्मार्ट कार्डच; सेशनमधील सॉफ्टवेअरने ते मागितले की विंडोज ती मागणी तुमच्या संगणकाकडे वळवते. म्हणून रिमोट कनेक्शनच्या ‘लोकल रिसोर्सेस’ या भागात स्मार्ट कार्डची खूण केलेली असावी आणि कीचा ड्रायव्हर दोन्हीकडे टाकलेला असावा.

सही करण्याची जी छोटी साधने ब्राउझरच्या पाठीमागे चालतात ती मात्र सेशनपुरती नसून यंत्राच्या पोर्टवर बसतात, म्हणजे वरचाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. कर सल्लागारांच्या कार्यालयात हे विशेष जपावे, कारण दोन जणांनी एकाच वेळी सही करायला घेतली तर एकाच्या ब्राउझरला दुसऱ्याच्या सेशनमधील साधन उत्तर देऊ शकते. आमचा सल्ला सरळ आहे: सहीचे काम समोरच्या संगणकावरच ठेवावे, सर्व्हरवर नेऊ नये.

सॉफ्टवेअरचा हार्डलॉक किंवा परवाना सर्व्हरवर मान्य होतो का?

एका संगणकासाठीचा हार्डलॉक (परवाना असलेली यूएसबी की) रिमोट सेशन ओळखून मुद्दामच नकार देतो, असे अनेक सॉफ्टवेअरांत आढळते. तिथे नेटवर्क प्रकारचा हार्डलॉक घ्यावा लागतो. सर्व्हर भाड्याचा, दूरच्या डेटा सेंटरमधला असेल, तर त्याला यूएसबी लावायची जागाच नसते. मग ऑनलाइन परवाना मिळतो का, हे खरेदीपूर्वी लेखी विचारावे. संगणकाच्या नेटवर्क कार्डच्या क्रमांकाशी बांधलेला परवाना असल्यास, डेटा सेंटरने यंत्र बदलले की तो तुटतो.

एक्सेलचाही प्रश्न इथेच येतो. सॉफ्टवेअर एक्सेलमध्ये निर्यात करत असेल तर एक्सेल सर्व्हरवर लागणार, आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ घेतले असेल तर त्यात सामायिक संगणकावर सक्रिय करण्याची मुभा हवी. छोट्या व्यवसायांच्या योजनांपैकी ही मुभा फक्त बिझनेस प्रीमियममध्ये आहे. स्वस्त योजना घेऊन मग सर्व्हरवर ‘हे उत्पादन इथे चालणार नाही’ असा संदेश पाहणारे लोक आम्हाला वारंवार भेटतात.

विंडोजचा वेगळा परवाना लागतो का? महिनाभर तर काही न घेता चालले.

चालते, कारण रोल बसवल्यापासून १२० दिवसांची सवलत असते. ती संपल्यावर सर्व्हर नवी सेशने नाकारतो, आणि ते बहुधा विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशीच का होते, हे आम्हाला उमगलेले नाही. विंडोज सर्व्हरच्या परवान्यांबरोबर प्रत्येक वापरकर्त्यामागे किंवा उपकरणामागे रिमोट डेस्कटॉपचा परवाना घ्यावा लागतो. तो सर्व्हरच्या आवृत्तीचा किंवा तिच्या नंतरचा असावा. २०१९ चे परवाने २०२२ च्या सर्व्हरवर लागू होत नाहीत. कार्यालयात डोमेन (सगळ्यांची लॉगिने एकाच जागी सांभाळणारी व्यवस्था) नसेल तर उपकरणामागचा परवाना घ्यावा, वापरकर्त्यामागचा नको. प्रशासनासाठी दोन सेशने विनापरवाना मिळतात, पण ती रोजच्या बिलांच्या कामासाठी नाहीत.

विंडोज १० किंवा ११ प्रो असलेल्या दणकट संगणकावर फाइल बदलून अनेक सेशने उघडून देणारेही बाजारात आहेत. ते परवान्याच्या अटींत बसत नाही आणि विंडोजचा पुढचा अपडेट आला की सोमवारी सकाळी सगळे कार्यालय बाहेर उभे राहते.

आमचे सॉफ्टवेअर डॉसच्या काळचे आहे. ते नेता येईल का?

विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून सर्व्हर केवळ ६४ बिटचा आहे, आणि ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचे प्रोग्रॅम चालत नाहीत. जुन्या फॉक्सप्रो-डॉस किंवा क्लिपरमध्ये लिहिलेल्या पतसंस्थेच्या वा आडत दुकानाच्या सॉफ्टवेअरचे उत्तर म्हणून ‘नाही’ असेच आहे. व्हिज्युअल फॉक्सप्रोतले ३२ बिटचे सॉफ्टवेअर मात्र चालते आणि अनेकदा पूर्वीपेक्षा वेगाने चालते, कारण डेटाच्या फाइली नेटवर्कवरून ओढाव्या लागत नाहीत. ३२ बिटच्या सॉफ्टवेअरला ओडीबीसी (डेटाबेसशी जोडणारी विंडोजची सोय) जोडणी लागत असेल, तर ती ३२ बिटच्या ओडीबीसी खिडकीतून आणि ‘युजर’ऐवजी ‘सिस्टिम’ या भागात करावी. ‘युजर’मध्ये केलेली जोडणी फक्त करणाऱ्यालाच दिसते.

तारखा आणि वेळ चुकतात अशी तक्रार ऐकली आहे. खरे आहे का?

खरे आहे, आणि ही चूक सर्वांत उशिरा सापडते. नव्या वापरकर्त्याला सर्व्हरवर बहुधा अमेरिकी पद्धतीची तारीख मिळते, म्हणजे आधी महिना, मग दिवस. तारीख मजकूर म्हणून वाचणारे जुने सॉफ्टवेअर ०५/०४/२०२५ हे ५ एप्रिलऐवजी ४ मे समजते. १३ तारखेपासून पुढे ते चूक दाखवते, कारण तेरावा महिना नसतो. पहिले बारा दिवस मात्र निमूटपणे चुकीच्या नोंदी करत राहते. कंट्रोल पॅनेलमधील रीजनच्या ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह’ भागातून भारतीय सेटिंग नव्या वापरकर्त्यांसाठीही लागू करण्याची सोय आहे. लॉगिने तयार करण्यापूर्वीच ती वापरावी.

वेळेचेही असेच. भाड्याचे क्लाउड सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर असतात आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तासांनी मागे आहे. दुकानदाराला याचा पत्ता लागणार नाही. पण पहाटे पाच वाजता दूध संकलन सुरू करणाऱ्या डेअरीच्या पावतीवर आदल्या दिवसाची तारीख छापली जाईल, कारण सर्व्हरच्या घड्याळात तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात.

मराठीतून बिले आणि पावत्या निघतील का?

युनिकोड मराठीला अडचण नाही, मात्र फॉन्ट तपासावा. विंडोज १० पासून मंगल हा फॉन्ट मूळ संचातून पूरक फॉन्टांत गेला आणि त्याची जागा निर्मला यूआयने घेतली. मंगलमध्ये आखलेली पावती दुसऱ्या फॉन्टमध्ये छापली गेली की ओळी खाली सरकतात आणि रकमेचा रकाना चौकटीबाहेर जातो. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांचे सॉफ्टवेअर असेल तर फॉन्ट टाकताना ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ हाच पर्याय निवडावा, नाहीतर इतरांच्या पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. टायपिंगचे साधनही सर्व्हरवर टाकून पाहावे. समोरच्या संगणकावर ते आहे एवढे पुरत नाही.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, बारकोड आणि वजनकाटा?

कळफलकासारखा वागणारा बारकोड वाचक काहीही न करता चालतो. वजनकाटा सीरियल पोर्टवर असेल तर तो पोर्ट सेशनमध्ये वळवावा लागतो आणि गर्दीच्या वेळी वजन किती उशिरा येते हे पाहावे लागते. डॉट मॅट्रिक्ससाठी विंडोजच्या ‘ईझी प्रिंट’वर विसंबू नये; ते मजकुराचे चित्र करून पाठवते, त्यामुळे तीन प्रतींचे चलन रेंगाळत निघते आणि तिसरी प्रत फिकट येते. सर्व्हरवर प्रिंटरचा खरा ड्रायव्हर टाकावा.

सर्व्हर किती मोठा घ्यावा?

अंदाज बांधू नये, मोजावे. तीन जणांच्या चाचणीच्या वेळीच टास्क मॅनेजरच्या ‘युजर्स’ भागात प्रत्येकाची मेमरी दिसते. अहवाल चालू असतानाचा आकडा घ्यावा. समजा तो ९०० एमबी आला आणि माणसे १५ असतील, तर साडेतेरा जीबी त्यांचे, चार जीबी विंडोजचे, आणि डेटाबेस त्याच यंत्रावर असेल तर त्याचे वेगळे. अशा ठिकाणी आम्ही २४ जीबीच्या खाली जात नाही. यात ब्राउझर धरलेला नाही. प्रत्येकाने सर्व्हरवर क्रोमच्या दहा खिडक्या उघडल्या तर हा सगळा हिशेब वाया जातो.

सर्व्हर कुठे आहे याने फरक पडतो का?

वेगासाठी पडतो, आणि कंपन्यांना कायद्यासाठीही. मुंबई-पुण्यात मोठी डेटा सेंटरे आहेत, त्यामुळे परदेशातला स्वस्त सर्व्हर घेऊन टंकलेले अक्षर उशिरा उमटताना पाहण्याचे कारण नाही. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थांनी इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर रोज ठेवायचा, असा नियम ऑगस्ट २०२२ मध्ये झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक नोंदीतील बदलाचा माग ठेवणारे सॉफ्टवेअरच वापरणे त्यांना बंधनकारक आहे. सर्व्हर कुठेही असो, रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हा पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवू नये. व्हीपीएन (इंटरनेटवरचा सुरक्षित खासगी मार्ग) किंवा गेटवेमधूनच आत यावे. २०१९ साली उघड झालेल्या ब्लूकीप या दोषात पासवर्ड माहीत नसतानाही उघड्या पोर्टमधून सर्व्हर ताब्यात घेता येत होता.

चाचणीत सॉफ्टवेअर नापास झाले तर?

आधी विक्रेत्याला ‘चालत नाही’ एवढेच न कळवता प्रोसेस मॉनिटरच्या त्या दोन-चार ओळी पाठवाव्यात. वर सांगितलेल्या हळदीच्या पेढीच्या विक्रेत्याने फाइलीच्या नावात लॉगिनचे नाव जोडून दिले आणि त्याला जेमतेम एक दिवस लागला. विक्रेता उरलाच नसेल, तर अशा सॉफ्टवेअरसाठी प्रत्येक माणसाला सर्व्हरवर स्वतंत्र आभासी संगणक देता येतो. तो महाग पडतो, पण तिथे सॉफ्टवेअर खरोखरच एकटे असते. दोन-तीनच माणसे वापरत असतील तर ते कार्यालयातील संगणकांवरच राहू द्यावे आणि बाकीचे काम तेवढे सर्व्हरवर न्यावे. कोणताही मार्ग घेतला तरी जुनी व्यवस्था एक पूर्ण महिना मोडू नये, कारण महिनाअखेरचे अहवाल, पगार आणि विवरणपत्रे या गोष्टी महिन्यातून एकदाच चालतात आणि त्यांची चाचणी त्याआधी होत नाही.